दूध उतू जातंय (नाइट व्हर्जन)

'गर्ल्स ऑन फिल्म' या गाण्याच्या एकूण आवृत्त्या किती, असं कुणी क्विझमध्ये विचारलं तर भल्याभल्यांची पंचाईत होईल. सात इंची सिंगलवरची, अल्बममधली, बारा इंची रेकॉर्डवरची नाइट व्हर्जन... यादी लांबतच जाते. पण एक आवृत्ती कुठल्याच यादीत सापडणार नाही. ती १९८३ साली डोंबिवली पूर्वेला रेकॉर्ड झाली. तिच्यात गाणं ऐन रंगात आलेलं असताना एक बाई स्वच्छ मराठीत ओरडते, "अरे, दूध उतू जातंय!"

ती बाई म्हणजे माझी आई.

ज्यांनी कॅसेट हा प्रकार फक्त टी-शर्टवर छापलेला पाहिलाय, त्यांच्यासाठी आधी थोडा फ्लॅशबॅक. ड्युरान ड्युरान हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा बँड. १९७८ मध्ये निक ऱ्होड्स आणि जॉन टेलर या दोन पोरांनी तो काढला. नाव उचललं 'बार्बरेला' या १९६८ च्या सिनेमातल्या एका पात्रावरून. पुढे ड्रमर रॉजर टेलर आला, गिटारवाला अँडी टेलर आला आणि १९८० मध्ये गायक सायमन ल बॉन. तीन-तीन टेलर, पण एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आपल्याकडे एका वर्गात तीन कुलकर्णी असतात ना, तसंच.

ही मंडळी वाढली ती रम रनर नावाच्या नाइटक्लबमध्ये. क्लबचे मालकच त्यांचे मॅनेजर. त्यामुळे गाणं नुसतं ऐकायला बरं असून भागत नाही, त्यावर लोक नाचले पाहिजेत, हा फंडा त्यांना पहिल्या दिवसापासून क्लीअर होता. १९८१ मध्ये 'प्लॅनेट अर्थ' हे पहिलं सिंगल निघालं तेव्हाच त्यांनी त्याची एक लांबलचक 'नाइट व्हर्जन' काढली. दिवसा रेडिओवर ऐकायचं ते छोटं गाणं, रात्री क्लबात वाजवायचं ते मोठं. आणि गंमत बघा, सुरुवातीच्या या नाइट व्हर्जन्स म्हणजे मूळ टेप कापून, जोडून, वाढवून केलेलं काम नव्हतं. बँडने स्टुडिओत बसून गाण्याची मांडणीच नव्याने केली आणि ते पुन्हा वाजवलं. म्हणजे आपला एखादा गायक चीज रेडिओसाठी दहा मिनिटांत गातो आणि तीच मैफलीत पाऊण तास खुलवतो, साधारण त्याच जातीचा प्रकार.

डोंबिवलीत हे सगळं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आम्हाला एक मामा होता.

बोटीवरचा मामा

मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. लग्न नाही, घर नाही, सहा महिने समुद्रावर. त्याची सगळी इस्टेट आमच्या दोन खोल्यांत. एक ट्रंक आणि एक रेकॉर्ड प्लेअर. त्या प्लेअरला हात लावायची परवानगी फक्त दादाला. दादा तेव्हा नववीत, मी तिसरीत. माझ्याकडे खातं होतं तबकडी पुसायचं. तेही मलमलचं फडकं घेऊन, काठाला धरून, श्वास रोखून.

१९८२ च्या दिवाळीत मामाने लिव्हरपूलहून 'रिओ' हा अल्बम आणला. जांभळट लाल कव्हरवर हसणारी बाई. दादा त्या अल्बमच्या अक्षरशः प्रेमात पडला. मामाची बोट पुढच्या खेपेला अमेरिकेला जाणार म्हटल्यावर त्याने मामाला पत्र धाडलं : 'याच बँडचं दुसरं काहीतरी आण.'

मे महिन्यात मामा आला. हातात ड्युरान ड्युरानची नवी कोरी रेकॉर्ड. नाव 'कार्निव्हल'. दादाने पाठ वाचली आणि त्याचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या तबकडीवर गाणी फक्त चार. 'हंग्री लाइक द वुल्फ', 'होल्ड बॅक द रेन', 'माय ओन वे' आणि 'गर्ल्स ऑन फिल्म'. त्यातली पहिली तीन आमच्याकडच्या 'रिओ'वर होतीच.

"म्हणजे तीन परत तीच आणि नवीन एक?" आईने हिशेब मांडला. "नऊवारीचे पैसे घेऊन पाचवारी दिली की रे तुला!"

मामा बिचारा ओशाळला. दादाने नाइलाजाने सुई टेकवली. आणि मग आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. गाणी तीच होती, पण ती नव्हती. ओळखीच्या घरात शिरावं आणि कुणीतरी फर्निचर हलवलेलं असावं, तसं काहीतरी. शब्द येणार म्हणून आपण तोंड उघडावं तर शब्द येतच नाहीत, नुसते ड्रम चालू. जिथे गाणं संपायला हवं तिथे ते दुसऱ्यांदा सुरू झाल्यासारखं.

"रेकॉर्ड खराब आहे का?" आईने विचारलं.

दादा काही बोलला नाही. त्याने ती बाजू परत पहिल्यापासून लावली.

एक गाणं, अनेक पासपोर्ट

त्या दिवशी आम्हाला जे कळलं नाही, ते पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. मामाला कुणी गंडवलं नव्हतं. 'कार्निव्हल' ही रेकॉर्ड मुळात नाचायला लावणाऱ्या रीमिक्सेसचीच होती. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ती वेगवेगळ्या देशांत निघाली, आणि तिच्यावरची गाणी सगळीकडे सारखी नव्हती. अमेरिका-कॅनडाची यादी वेगळी, हॉलंड-स्पेनची वेगळी, जपानची वेगळी. नाव एक, बँड एक, पण कुठल्या बंदरात उतरून दुकानात शिरता त्यावर हातात काय पडेल ते अवलंबून. मामाची बोट अमेरिकेऐवजी रॉटरडॅमला लागली असती, तर आमच्या घरात दुसरंच 'कार्निव्हल' वाजलं असतं.

असं का? एक कारण धंद्याचं. बँड ब्रिटिश, कंपनी ईएमआय. पण प्रत्येक देशातली शाखा किंवा भावंड कंपनी आपापल्या बाजाराकडे बघून निर्णय घ्यायची. इथे कुठलं गाणं आधीच गाजलंय, कुठलं अजून निघायचंय, इथले डीजे काय वाजवतात, हे जागेवरच्या माणसाला जास्त कळतं. आपल्याकडे एकाच कंपनीचा चिवडा पुण्यात गोड आणि कोल्हापुरात तिखट निघाला तर कुणाला आश्चर्य वाटत नाही, तसंच हे.

दुसरं कारण तबकडीचं. रेकॉर्डवरच्या खाचा म्हणजे आवाजाचं चित्र. बास जितका दणदणीत, तितकी खाच जास्त झोके घेते आणि तितकी जास्त जागा खाते. छोट्या सात इंची तबकडीवर पाच-सहा मिनिटं कोंबली तर खाचा दाटीवाटीने बसतात आणि आवाज बारीक होतो. तेच गाणं बारा इंचांवर ऐसपैस पसरलं की क्लबच्या भिंती हलतात. न्यूयॉर्कच्या डिस्को जगाने हे सत्तरच्या दशकातच ओळखलं होतं. १९७६ मध्ये डबल एक्स्पोझर या ग्रुपचं 'टेन पर्सेंट' हे गाणं, वॉल्टर गिबन्स नावाच्या डीजेने वाढवून दिलेलं, बारा इंची सिंगल म्हणून दुकानात विकायला आलं. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकलेलं ते पहिलं बारा इंची सिंगल मानतात. त्यानंतर 'लांब गाणं' ही डीजेची खासगी मालमत्ता राहिली नाही.

आणि त्या लांब गाण्यात मध्ये जो मोकळा पट्टा असतो, नुसते ड्रम आणि बास, त्याचंही एक काम असतं. डीजे तिथे दुसऱ्या तबकडीवरचं गाणं बेमालूम मिसळतो. म्हणजे ती जागा रिकामी नसते. ती दुसऱ्या कुणासाठी तरी राखून ठेवलेली असते.

आमच्याकडे डीजे नव्हता. त्यामुळे त्या जागेत आई आली.

गॅदरिंग

झालं असं की दादाच्या डोक्यात शाळेच्या गॅदरिंगचं वेड शिरलं. दरवर्षी कोळीगीत आणि लेझीम, यंदा आपण 'वेस्टर्न' करायचं. पाच मुलं, पांढरे शर्ट, वडिलांचे टाय. गाणं 'गर्ल्स ऑन फिल्म', कारण ते लांब आणि ठेका जबरदस्त. बाईंनी अर्थ विचारला. दादाने ठोकून दिलं की सिनेमा-फोटोत दिसणाऱ्या मुलींना किती कष्ट पडतात, त्यावर आहे. बाई खूश. मजा म्हणजे, तो न कळत खरं बोलला होता. फॅशनच्या धंद्यात मॉडेल मुलींचं जे शोषण होतं, त्यावरच ते गाणं आहे. अर्थात त्याचा व्हिडिओ मी पुढे कित्येक वर्षांनी यूट्यूबच्या कृपेने पाहिला आणि बीबीसीने त्यावर बंदी का घातली होती तेही कळलं. बाईंनी तो पाहिला असता तर दादाची शाळा तिथेच संपली असती!

तर मुद्दा असा की रेकॉर्ड प्लेअर शाळेत नेणं शक्य नव्हतं. गाणं कॅसेटवर घ्यायला हवं होतं. आजच्यासारखं केबल लावा आणि मोकळे व्हा, असं नव्हतं आमच्याकडे. शेजारच्या काकांचा टू-इन-वन आणला, स्पीकरच्या समोर स्टुलावर ठेवला, प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबली. घरात कडक जमावबंदी. पंखा बंद. मी तोंडावर हात ठेवून कोपऱ्यात. कॅमेऱ्याचे खटखट आवाज झाले, ड्रम सुरू झाले, सगळं फर्स्टक्लास चाललं होतं. आणि मधल्या त्या मोकळ्या पट्ट्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, दूध उतू जातंय!"

दादाने रागाने माझ्याकडे बघितलं, जणू दूध मीच होते. पण रेकॉर्डिंग थांबवलं नाही. त्याला वाटलं आवाज आला नसेल. दुसऱ्या दिवशी त्याने ती कॅसेट न ऐकताच मित्राला दिली. मित्राने स्टेशनजवळच्या रेकॉर्डिंगवाल्याकडून सरावासाठी तिची कॉपी करून घेतली. सराव झाला मित्राच्या घरी, त्यांच्या फाटक्या स्पीकरवर. त्यातून आईचा आवाज आला तरी तो गाण्यातलाच कुणीतरी गोरा ओरडतोय असं वाटायचं.

गॅदरिंगच्या दिवशी मात्र शाळेने मांडववाल्याचे कर्णे लावले होते.

पाच मुलं स्टेजवर. टाय उडतायत. तीन मिनिटं सभागृह अवाक. आणि मग दोन्ही कर्ण्यांतून, गणपतीच्या आरतीसारखा खणखणीत, "अरे, दूध उतू जातंय!"

एक क्षण शांतता. मग जो हशा फुटला तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही. मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "गॅस बंद करा!" दादा नाचत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले मला तिसऱ्या रांगेतूनही दिसले. माझ्या शेजारी आई बसली होती. ती हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

क्लीन व्हर्जन

दादा चार दिवस आईशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने पुन्हा तो टू-इन-वन आणला. तीच कॅसेट, तेच गाणं. गॅदरिंग होऊन गेलं होतं, आता कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याला ते पुसून टाकायचं होतं, एवढंच.

आईने गॅस बंद केला. हात पुसले. आणि न सांगता गॅलरीत जाऊन उभी राहिली, दार ओढून घेऊन. डिसेंबरची संध्याकाळ होती. गाणं संपेपर्यंत ती बाहेर उभी होती. बटण 'खट' वाजल्यावर तिने दार किलकिलं करून विचारलं, "झालं?"

झालं. आमच्याकडे स्वच्छ आवृत्ती तयार झाली. एकही चूक नसलेली.

"हा आपला रिओ नाही!"

१९९४ मध्ये दादा एमएस करायला अमेरिकेला गेला आणि सगळे राहतात तसा तिथेच राहिला. न्यू जर्सी. दर रविवारी फोन. आयएसडीच्या मिनिटाचे पैसे छातीत धडकी भरवायचे, त्यामुळे संभाषण तारेसारखं : बरे आहात ना, बरे आहोत, ठेवतो.

एका रविवारी मात्र त्याने फोन उचलल्या उचलल्या मला मागितलं. आवाजात उत्तेजना. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याला 'रिओ' मिळाला होता. तेच कव्हर, तीच हसणारी बाई. "पण अगं, हा आपला रिओ नाही!"

आणि त्याने चक्क रिसीव्हर स्पीकरला लावला. अख्खं 'होल्ड बॅक द रेन' आम्ही सातासमुद्रापलीकडून ऐकलं. आई मागून, "याचं डोकं ठिकाणावर आहे ना? त्याला म्हणावं पैसे वाचव."

डोकं ठिकाणावर होतं. 'रिओ' १९८२ च्या मे महिन्यात निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला, पण अमेरिकेने त्याला फारशी भीक घातली नाही. तिथल्या क्लबांत मात्र 'कार्निव्हल'मुळे बँडचं नाव व्हायला लागलं होतं. मग कॅपिटॉल कंपनीने नोव्हेंबरमध्ये 'रिओ' अमेरिकेत दुसऱ्यांदा बाजारात आणला. फक्त आता पहिल्या बाजूची गाणी डेव्हिड कर्शनबॉम या निर्मात्याकडून नव्याने मिक्स करून घेतलेली, आणि जाहिरात डान्स अल्बम म्हणून. जोडीला एमटीव्हीवर श्रीलंकेत चित्रित केलेला 'हंग्री लाइक द वुल्फ'चा व्हिडिओ. १९८३ मध्ये ते गाणं तिथे तिसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणजे अमेरिकेतल्या लाखो लोकांसाठी खरा 'रिओ' हा दुसरा रिओ. पहिला त्यांनी ऐकलाच नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत बँडचा पहिला अल्बमही पुन्हा निघाला. 'इज देअर समथिंग आय शुड नो?' हे नवं हिट गाणं त्यात घातलं आणि जागा करायला 'टू द शोअर' नावाचं जुनं गाणं काढून टाकलं. ब्रिटनमधल्या चाहत्याला ते गाणं तोंडपाठ, अमेरिकेतल्याला त्याचा पत्ताच नाही.

'माय ओन वे'ची कथा तर याहून भारी. १९८१ च्या सिंगलवर ते गाणं धावतं, मागे डिस्को छापाची व्हायोलिनं. त्याचीही एक नाइट व्हर्जन. 'रिओ'साठी बँडने तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, हळू चालीत, व्हायोलिनं गायब. आणि मग त्या नव्याचं 'कार्निव्हल'साठी रीमिक्स. एकाच पोराचे चार फोटो आणि चारही वेगळ्या माणसांचे वाटावेत!

आणि 'द रिफ्लेक्स'. १९८४ चं सिंगल नाइल रॉजर्सने रीमिक्स केलं, गायकाचा आवाज तोडून अडखळवला, ठेका पुढे आणला आणि ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर गेलं. पण अल्बम निघाला होता त्याआधी, १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये. रेडिओवरचं ऐकून ज्यांनी अल्बम विकत घेतला, त्यांना घरी जाऊन भलतंच, संथ 'रिफ्लेक्स' ऐकावं लागलं. मूळ कुठलं म्हणायचं? आधी केलेलं, की जगाने ज्यावर जीव टाकला ते?

हा प्रकार फक्त एका बँडचाही नाही. जपानमध्ये परदेशी बँडच्या सीडीवर एक-दोन गाणी जास्त असायची, याचं साधं कारण म्हणजे तिथे छापलेली सीडी बाहेरून आयात केलेल्या सीडीपेक्षा महाग पडायची. जादा गाणं नसेल तर कोण घेणार? मग त्या एका गाण्यासाठी लंडन-न्यूयॉर्कचे चाहते जपानी सीडी मागवायचे. बाजाराने पाडलेल्या फरकाला चाहत्यांनी खजिना करून टाकलं.

आपल्याकडेही प्रादेशिक आवृत्त्या होत्याच की. स्टेशनजवळचा तो रेकॉर्डिंगवाला साठ मिनिटांच्या कॅसेटवर बसतील तेवढी गाणी भरून द्यायचा. शेवटचं गाणं टेप संपेल तिथे तुटायचं. 'सेव्ह अ प्रेयर' माझ्या कॅसेटवर मधेच संपायचं. अजूनही फोनवर ते गाणं ऐकताना त्या ठिकाणी मी दचकते. पुढचं गाणं मला आगाऊ वाटतं.

सगळं आहे, एक सोडून

२००९ मध्ये 'रिओ'ची दोन सीडींची खास आवृत्ती निघाली. ब्रिटिश गाणी, अमेरिकन मिक्स, 'कार्निव्हल'ची रीमिक्सेस, सगळं एका खोक्यात. पुढच्या वर्षी पहिल्या अल्बमचीही तशीच आवृत्ती आली. दादाने अर्थातच दोन्ही घेतल्या. फोनवर मला यादी वाचून दाखवली, लग्नाच्या याद्या वाचतात तशी. "आता काही शोधायचं राहिलं नाही," म्हणाला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. ते दिवस कसे होते ते तुम्हाला सांगायला नको. दादाला येता आलं नाही. त्याने सगळं माझ्या फोनच्या स्क्रीनवर पाहिलं, मधूनमधून नेटवर्क तुटत असताना.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी रात्री दीडला त्याचा फोन. मी घाबरूनच उचलला.

"ती कॅसेट कुठाय गं?"

कुठली, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"ती तूच पुसलीस, दादा."

"माहितीये." मग बराच वेळ काही नाही. "ती बाहेर जाऊन उभी राहिली होती. थंडी होती ना?"

"होती थोडी."

मला आठवलं की एक कॉपी होती. सरावाची, त्याच्या मित्राची. मित्र बदलापूरला राहतो, दादाचा त्याच्याशी तीस वर्षांत संपर्क नाही. मी नंबर शोधला, निर्बंध सैल झाल्यावर एका रविवारी गेले. गृहस्थ आता आजोबा झालाय. त्याने मला बघताच पहिलं वाक्य काय म्हणावं? "दूध उतू गेलं का?" मग जीभ चावली. त्याला आई गेल्याचं माहीत नव्हतं.

कॅसेट होती, म्हणाला. ट्रंकेत, २००५ पर्यंत. २६ जुलैच्या पुरात ट्रंक तीन दिवस पाण्यात होती. टेपचा नुसता चिखल झाला, बायकोने टाकून दिला. तो वारंवार सॉरी म्हणत राहिला, जणू पूर त्यानेच आणला होता. मी त्याच्याकडे चहा घेतला आणि परत आले.

मामाची रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. कव्हर झुरळांनी खाल्लंय, पण तबकडी ठीक आहे. आणि नसती तरी काय, ती कुठेही विकत मिळते. जे विकत मिळतं ते सगळं शिल्लक आहे.

त्या रात्री मी दादाला व्हिडिओ कॉल केला. सांगितलं. तो काही म्हणाला नाही. मग म्हणाला, "लाव ना. नाइट व्हर्जन. मीही इथे लावतो." वन, टू, थ्री म्हणून आम्ही दोघांनी एकदम प्ले दाबलं. एकदम दाबूनही माझं अर्ध्या सेकंदाने मागे होतं. कॅमेऱ्याचे खटखट आवाज, ड्रम. पन्नाशीच्या आसपासची दोन माणसं दोन खंडांत, दोन स्वयंपाकघरांत, तोंडावर हात ठेवल्यासारखी गप्प.

मग आवाज बाजूला झाले, ड्रम आणि बास मोकळे झाले, आणि दादा ओरडला, "अगं, गॅस बंद कर!"

मी थबकले. "ते आत्ता नाही. अजून पुढे. आणि 'गॅस बंद कर' नाही म्हणाली ती. 'अरे, दूध उतू जातंय' म्हणाली."

"काहीतरीच काय! 'गॅस बंद कर' असंच म्हणाली. तुला उद्देशून. तू कोपऱ्यात बसली होतीस."

"ते गॅदरिंगला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, दादा!"

"अजिबात नाही."

गाणं कधी संपलं ते आम्हाला कळलं नाही. आम्ही वीस मिनिटं भांडलो. शब्द कुठले, जागा कुठली, आवाज चिडलेला होता की घाबरलेला. तो त्याचं सोडेना, मी माझं. निकाल द्यायला टेप नाही, आणि जिला विचारता आलं असतं ती नाही.

शेवटी दादाच म्हणाला, "बरं, तुझ्याकडचं तुझ्याकडे. न्यू जर्सीत ती 'गॅस बंद कर' म्हणते."

आता तो दर रविवारी फोन करतो. पैसे लागत नाहीत, त्यामुळे फोन लांबतो. परवा मी बोलता बोलता दूध तापत ठेवलं होतं आणि विसरले. पलीकडून त्यालाच आधी आवाज ऐकू गेला.